वेगमर्यादा ओलांडताना पकडले गेलात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोटीस हातात पडली की आधी राग येतो, मग पोटात गोळा येतो आणि त्यानंतर प्रश्नांची रांग लागते. मशीनने बरोबर मोजलं का? लायसन्स जाईल का? गाडी मी चालवतच नव्हतो, मग? मलाही एकदा अशी नोटीस आली होती. मर्यादा ५०, नोंदलेला वेग ६०. ‘दहाच तर जास्त होता’ हे माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य. ते पुढे का टिकलं नाही, हे खाली एका उत्तरात सविस्तर लिहिलं आहे. दंडाचे आकडे आणि मुदती देशागणिक वेगळ्या असतात, म्हणून तुमच्या नोटिशीवर जे छापलंय ते आधी धरून चाला. इथे वेगवेगळ्या देशांतली उदाहरणं घेतली आहेत.

वेग नेमका मोजतात कसा?

चार-पाच पद्धती आहेत आणि आपल्याला कुठल्या पद्धतीने पकडलं हे कळणं गरजेचं आहे, कारण हरकत घ्यायची असेल तर मुद्दे त्यावरच ठरतात.

सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे रडार. ख्रिस्तियान डॉपलर या शास्त्रज्ञाने १८४२ साली मांडलेलं तत्त्व त्यात वापरतात. जवळ येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा तीव्र ऐकू येतो आणि पुढे निघून गेल्यावर त्याचा स्वर उतरतो, तेच इथे रेडिओ लहरींच्या बाबतीत होतं. गाडीवर आपटून परतलेल्या लहरीची वारंवारता थोडी बदललेली असते. बऱ्याच स्पीड गन २४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. ताशी १०० किमीने समोरून येणारी गाडी त्या लहरीत साधारण साडेचार हजार हर्ट्झचा फरक पाडते. तेवढ्या फरकावरून वेगाचा आकडा मिळतो.

लेझर गन लहरीतला बदल पाहत नाही, अंतर मोजते. सेकंदाच्या काही भागात ती प्रकाशाचे शेकडो ठोके गाडीवर सोडते आणि प्रत्येक ठोका परत यायला किती वेळ लागला ते पाहते. अंतर कोणत्या दराने कमी होतंय, यावरून वेग निघतो. लेझरचा झोत अरुंद असतो, त्यामुळे गर्दीतली नेमकी एक गाडी निवडता येते.

काही ठिकाणी रस्त्याच्या पृष्ठभागाखाली तारांची वेटोळी किंवा दाब ओळखणाऱ्या पट्ट्या पुरलेल्या असतात. दोन पट्ट्यांमधलं अंतर ठरलेलं असतं, चाकं एका पट्टीवरून दुसरीवर किती वेळात गेली ते मोजलं की झालं.

आणि मग सरासरी वेगाचे कॅमेरे. इटलीत ‘ट्युटर’ आणि ब्रिटनमध्ये ‘स्पेक्स’ नावाने ही यंत्रणा ओळखली जाते. पहिला कॅमेरा नंबरप्लेट वाचून वेळ टिपतो, काही किलोमीटरवरचा दुसरा कॅमेरा तेच करतो. १० किमीचा टप्पा ५ मिनिटांत पार झाला तर सरासरी ताशी १२० किमी, त्यात वाद घालायला जागा नाही. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि मागे पडला की पुन्हा ॲक्सिलरेटर, ही सवय इथे निरुपयोगी ठरते. मला स्वतःला ही पद्धत सगळ्यात न्याय्य वाटते. क्षणभराची चूक ती धरत नाही, किलोमीटरभर चाललेला हट्ट मात्र धरते.

मशीन चुकू शकतं का?

चुकू शकतं, पण लोकांना वाटतं तसं नाही. रस्त्याच्या कडेला उभ्या केलेल्या रडारची सगळ्यात नेहमीची चूक चालकाच्या फायद्याची असते. गाडी सरळ रडारच्या दिशेने न येता तिरकी येत असेल, तर रडारला खऱ्या वेगाचा फक्त एक भाग दिसतो. २० अंशांचा कोन असला तर ६० चा वेग साधारण ५६ दिसेल. म्हणून ‘कोन चुकीचा होता’ असं सांगणाऱ्याने जरा थांबून विचार करावा. कोन दुरुस्त केला तर आकडा वाढेलही. पोलिसांची गाडी स्वतः धावत असताना मोजमाप झालं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे चूक उलट्या बाजूलाही जाऊ शकते.

खरोखर तपासण्यासारख्या गोष्टी या: उपकरणाची तपासणी शेवटची कधी झाली आणि प्रमाणपत्र मोजमापाच्या दिवशी वैध होतं का. फोटोत एकापेक्षा जास्त गाड्या आहेत का, आणि असतील तर आकडा कुठल्या गाडीचा. नंबरप्लेट नीट वाचली गेली आहे का. त्या जागी तीच मर्यादा लागू होती का आणि तसा फलक दिसत होता का. जुन्या पद्धतीच्या काही कॅमेऱ्यांत रस्त्यावर पांढऱ्या रेघा आखलेल्या असतात आणि अर्ध्या सेकंदाच्या अंतराने दोन फोटो निघतात. ताशी ५० किमीने गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे ७ मीटर सरकते. तेव्हा रेघा मोजून तुम्ही स्वतः घरी बसून पडताळा घेऊ शकता. फोटो मागवा आणि खरंच मोजा.

माझा स्पीडोमीटर कमी दाखवत होता, त्याचं काय?

ही सबब क्वचितच टिकते. संयुक्त राष्ट्रांच्या नियम क्रमांक ३९ नुसार स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी आकडा दाखवता कामा नये. जास्त दाखवायला मुभा आहे: खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किमी. म्हणजे गाडी खरोखर १०० ने जात असताना काटा ११४ पर्यंत असू शकतो, पण ९८ वर नाही. हा नियम मानणाऱ्या देशांत काट्यावर ५० दिसत असेल तर खरा वेग बहुधा ५० पेक्षा कमीच असतो.

अपवाद एक. कंपनीने दिलेल्यापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवले असतील, तर चाकाच्या एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते आणि काटा मागे राहतो. पण तो बदल मालकाने केलेला असतो आणि जबाबदारीही त्याच्यावरच येते.

थोडीफार सूट असते ना?

मोजमापातल्या त्रुटीसाठी वजावट असते. जर्मनीत १०० किमीच्या खाली मोजलेल्या वेगातून ३ किमी वजा करतात, १०० च्या वर असेल तर ३ टक्के. फ्रान्समध्ये हेच आकडे ५ किमी आणि ५ टक्के आहेत. ब्रिटनच्या पोलिसांच्या मार्गदर्शक सूचनांत मर्यादेच्या १० टक्के अधिक ताशी २ मैल ओलांडल्यावर कारवाई सुचवली आहे, पण तो पोलिसांचा विवेक आहे, चालकाचा हक्क नव्हे.

ही वजावट गृहीत धरून गाडी चालवणारे बरेच भेटतात. ‘पन्नासच्या रस्त्यावर सत्तावन्नपर्यंत चालतं’ असं ते छातीठोकपणे सांगतात. ती सोय यंत्राच्या चुकीसाठी ठेवलेली असते. तिथे आपली चूक आधीच भरून टाकली तर काटा एवढासा हलला तरी आपण बाहेर पडतो.

पोलिसांनी थांबवलं तर काय करावं?

इशारा देऊन सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद, काच खाली, अंधार असेल तर आतला दिवा चालू, हात स्टिअरिंगवर दिसतील असे. सांगितल्याशिवाय गाडीतून उतरू नका. कागद मागितल्यावर काढा, आधीच कप्प्यात हात घालून शोधाशोध करू नका.

बोलण्यात सभ्यता ठेवा आणि थोडकं बोला. ‘साहेब, मी नव्वदच्या वर नव्हतोच’ असं म्हणताना मर्यादा ७० ची असेल, तर तुम्ही स्वतःच कबुली दिलेली असते. ओळखी सांगू नका. रस्त्यावर दंडाची रक्कम देत असाल तर अधिकृत पावती घ्या. पावतीशिवाय दिलेले पैसे म्हणजे लाच, आणि तो वेगापेक्षा कितीतरी मोठा गुन्हा आहे.

नोटीस माझ्या नावाने आली, पण गाडी मी चालवत नव्हतो. आता?

मग जो चालवत होता त्याचं नाव खरं खरं आणि मुदतीत कळवा. इतकंच. पण याच प्रश्नात सगळ्यात जास्त माणसं बुडाली आहेत, म्हणून सविस्तर सांगतो.

ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणीधारकाकडे १४ दिवसांत नोटीस पोचावी लागते आणि त्याने २८ दिवसांत चालकाचं नाव कळवायचं असतं. वेगाच्या साध्या गुन्ह्याला लायसन्सवर ३ पॉइंट (म्हणजे गुन्ह्याची नोंद, ठरावीक संख्येपुढे लायसन्स जातं), पण नाव न कळवल्याबद्दल ६. म्हणजे गप्प बसणं दुपटीने महाग. जर्मनीत चालक कोण हे सिद्ध करावं लागतं, म्हणून तिथले कॅमेरे समोरून चेहऱ्याचा फोटो काढतात. मालकाने सहकार्य केलं नाही तर त्याला प्रत्येक फेरीची नोंदवही ठेवण्याचा आदेश मिळू शकतो.

आणि आता खोटं नाव देणाऱ्यांबद्दल. ब्रिटनमधले राजकारणी ख्रिस ह्यून यांची गाडी २००३ साली कॅमेऱ्यात टिपली गेली. लायसन्स वाचवण्यासाठी ते पॉइंट त्यांच्या तेव्हाच्या पत्नीने, अर्थतज्ज्ञ व्हिकी प्राइस यांनी आपल्या नावावर घेतले. पुढे ह्यून मंत्री झाले, संसार मोडला, प्रकरण बाहेर आलं. मार्च २०१३ मध्ये न्यायप्रक्रियेत अडथळा आणल्याबद्दल दोघांनाही प्रत्येकी आठ महिन्यांची कैद झाली. मंत्रिपद तर गेलंच, खासदारकीही गेली.

दुसरं उदाहरण माझ्या जिव्हारी लागलं, कारण आकडे माझ्याच नोटिशीतले होते. ऑस्ट्रेलियाचे निवृत्त संघीय न्यायाधीश मार्कस आइनफेल्ड यांना २००६ च्या जानेवारीत सिडनीत ५० च्या रस्त्यावर ६० ने गाडी गेल्याबद्दल ७७ डॉलरचा दंड झाला. त्यांनी शपथेवर सांगितलं की गाडी एक मैत्रीण चालवत होती. ती बाई तीन वर्षांपूर्वीच वारली होती. खोटं झाकायला आणखी खोटं बोललं गेलं आणि २००९ मध्ये त्यांना तीन वर्षांची कैद झाली, त्यातली किमान दोन वर्षं भोगायचीच. आयुष्यभर न्याय देणारा माणूस ७७ डॉलरसाठी तुरुंगात गेला.

‘माझ्या नावावर घाल, माझ्याकडे पॉइंट शिल्लक आहेत’ असं घरातलं कुणी प्रेमाने म्हणेल. त्या माणसावर तुमचं प्रेम असेल तर नाही म्हणा.

दंड किती होतो?

बहुतेक ठिकाणी टप्पे असतात: मर्यादेच्या जितके वर, तितका दंड मोठा. शाळेजवळ किंवा रस्त्याचं काम चालू असलेल्या जागी अनेक देश तो वाढवतात.

काही देशांत दंड कमाईवर ठरतो. फिनलंडमध्ये १९२१ पासून ‘दिवसाच्या उत्पन्नाचा दंड’ ही पद्धत आहे. वेग मर्यादेपेक्षा २० किमीहून जास्त असेल तर ती लागू होते. २०२३ मध्ये ओलांड बेटांवरच्या आंदेर्स विक्लॉफ या उद्योजकाला ५० च्या टप्प्यात ८२ ने गेल्याबद्दल १ लाख २१ हजार युरोचा दंड झाला आणि लायसन्स दहा दिवस निलंबित झालं. इंग्लंडमध्येही प्रकरण न्यायालयात गेलं की दंड आठवड्याच्या उत्पन्नाच्या टक्केवारीत मोजतात, गंभीर प्रकारात दीडपट. ही पद्धत योग्य आहे असं माझं ठाम मत आहे. ज्या रकमेने एकाच्या घरचा महिना कोलमडतो ती दुसऱ्याला कळतही नसेल, तर ती शिक्षा दोघांना सारखी नाही.

भारतात मोटार वाहन कायद्यातल्या सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार हलक्या मोटारींना १,००० ते २,००० रुपये आणि मध्यम व जड वाहनांना २,००० ते ४,००० रुपये दंड आहे. गुन्हा पुन्हा घडल्यास लायसन्स जप्त होतं.

पॉइंट म्हणजे काय? ते जातात कधी?

प्रत्येक गुन्ह्याचे ठरावीक पॉइंट लायसन्सवर चढतात (काही देशांत उलट, मिळालेल्या साठ्यातून वजा होतात). ब्रिटनमध्ये तीन वर्षांत १२ पॉइंट झाले की साधारण सहा महिने गाडी चालवायला बंदी येते. नव्याने लायसन्स मिळालेल्यांना मात्र पहिल्या दोन वर्षांत ही मर्यादा सहाच पॉइंटची. सहा झाले की लायसन्स रद्द आणि परीक्षा पहिल्यापासून. जर्मनीत ही नोंद फ्लेन्सबुर्ग शहरातल्या कार्यालयात राहते आणि २०१४ पासून ८ पॉइंटवर लायसन्स काढून घेतात.

ब्रिटनसारख्या काही ठिकाणी मर्यादा थोडीच ओलांडली असेल तर पॉइंटऐवजी प्रशिक्षणवर्गाला बसण्याचा पर्याय देतात. तो मिळत असेल तर घ्या. पॉइंट टळतात म्हणून घ्याच, आणि त्या वर्गात नीट लक्षही द्या.

तुरुंग होऊ शकतो का? गाडी जप्त होते का?

साध्या प्रकरणात नाही. आकडा वाढला की चित्र झपाट्याने बदलतं.

जर्मनीत वस्तीतल्या रस्त्यावर ३१ किमीने मर्यादा ओलांडली की एक महिना गाडी बंद. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात मर्यादेपेक्षा ताशी २० मैल जास्त किंवा कुठेही ८५ मैलांच्या वर गेलात तर ते बेदरकार चालवणं ठरतं. तो फौजदारी गुन्हा आहे आणि १२ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. स्वित्झर्लंडमध्ये ५० च्या टप्प्यात १०० ने गाडी नेली तर २०१३ पासून चार वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. डेन्मार्कमध्ये २०२१ पासून २०० किमीच्या वर किंवा १०० च्या पुढे जाऊन मर्यादेच्या दुपटीहून जास्त वेगाने गेल्यास सरकार गाडी जप्त करून विकून टाकतं. ती गाडी उसनी किंवा भाड्याची असली तरी. त्याच वर्षी एकाने नवीकोरी लॅम्बोर्गिनी विकत घेतली आणि २३६ च्या वेगाने घरी निघाला. काही तासांत गाडी गेली.

जीव गेला तर मग वेगाचं कलम मागे पडतं. २०१६ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये दोन तरुणांनी भर शहरात ताशी १६० किमीच्या आसपास शर्यत लावली. हिरव्या दिव्यावर चौक ओलांडणारा ६९ वर्षांचा एक माणूस त्यात मेला. खटला चार वर्षं खालीवर झाला आणि २०२० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च फौजदारी न्यायपीठाने त्यातल्या एकाची शिक्षा कायम केली. आरोप होता खुनाचा.

पण माझा वेग दहानेच जास्त होता. एवढं काय बिघडतं?

हा माझाच प्रश्न. नोटिशीवर हरकत लिहायला बसलो तेव्हा मुद्दा पक्का करावा म्हणून मी गणित मांडलं.

कोरडा रस्ता, चांगले टायर, सावध चालक. समोर अचानक मूल आलं. पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद धरू. जोरात ब्रेक मारल्यावर वेग दर सेकंदाला साधारण २५ किमीने उतरतो.

५० ने जाणारी गाडी त्या पहिल्या सेकंदात १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी १४ मीटर. २८ मीटरवर उभी. मूल त्याच्या पुढे असेल तर वाचलं.

६० ने जाणारी गाडी पहिल्या सेकंदातच जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. ब्रेक उशिरा लागतो, शिवाय उतरवायचा वेगही जास्त. जिथे पहिली गाडी थांबली, त्या २८ व्या मीटरवर या गाडीचा वेग किती उरतो? माझा अंदाज होता दहा. कागदावर उत्तर आलं ४०. मी ते तीन वेळा करून पाहिलं. ताशी ४० किमी.

कारण सरळ आहे. गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. ५० वरून ६० म्हणजे वेग २० टक्के जास्त, ऊर्जा ४४ टक्के जास्त. आणि ब्रेक मारताना बहुतेक वेग शेवटच्या काही मीटरांतच उतरतो, तेच मीटर आपल्याकडे नसतात. जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताचा धोका ४ टक्क्यांनी वाढतो, आणि ५० ऐवजी ६५ च्या वेगाने धडक बसली तर पादचाऱ्याच्या मृत्यूचा धोका साडेचार पट होतो. जगभर रस्त्यांवर वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात.

हरकतीचा कागद मी फाडला आणि दंड भरला.

मला खरोखरच घाई होती. ते ऐकून घेतात का?

जिवावर बेतलेला प्रसंग असेल आणि त्याचे पुरावे असतील (रुग्णालयाचे वेळेसह कागद वगैरे) तर काही ठिकाणी न्यायालय त्याचा विचार करतं. ऑफिसला उशीर, विमान सुटणं, लग्नाचा मुहूर्त यांचा नाही.

घाईने किती वाचतं तेही बघा. १० किमी अंतर ५० ने १२ मिनिटांत होतं, ६० ने १० मिनिटांत. दोन मिनिटं, तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर. पहिल्या लाल दिव्याला मागची गाडी शेजारी येऊन उभी राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. गाडीत आजारी माणूस असेल तर तुम्ही घाबरलेले असता, हात थरथरत असतात आणि तुमच्या गाडीला भोंगा नसतो. शक्य तिथे रुग्णवाहिका बोलवा.

सगळेच त्या वेगाने जात होते, मलाच का पकडलं?

कारण तुमचा वेग मोजला गेला. इतरही चुकत होते हा बचाव ठरत नाही.

हे कॅमेरे फक्त पैसे गोळा करायला लावतात, नाही का?

हा संशय कॅमेऱ्यांपेक्षा जुना आहे. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात २८ जानेवारी १८९६ रोजी वॉल्टर अर्नोल्ड नावाच्या गृहस्थाला वेगाबद्दल दंड झाला, मोटार चालवण्याच्या इतिहासातला बहुधा पहिलाच. मर्यादा ताशी २ मैल, त्यांचा वेग ८. पोलीस शिपायाने सायकलवरून पाठलाग करून पकडलं. दंड १ शिलिंग आणि वर खर्च. तीन वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये जेकब जर्मन हा टॅक्सीचालक ताशी १२ मैलांनी जाताना पकडला गेला, तिथेही पोलीस सायकलवरच होता आणि टॅक्सी विजेवर चालणारी होती.

पुढे रस्त्याकडेचा प्रसिद्ध ‘गॅट्सो’ कॅमेरा आला, तो मॉरिस गॅट्सोनाइड्स या डच शर्यतपटूमुळे. १९५३ ची माँटे कार्लो रॅली जिंकणाऱ्या या माणसाने वळणावर आपला वेग आणखी कसा वाढवता येईल हे पाहण्यासाठी मोजमापाचं यंत्र बनवलं होतं.

पैशांच्या मुद्द्यावर मी असं म्हणेन: ज्या ठिकाणी अपघाताचा काहीही इतिहास नाही, उतार आहे आणि झाडामागे कॅमेरा लपवलाय, तिथे शंका घ्या आणि जाब विचारा. स्वीडनमध्ये कॅमेऱ्याच्या आधी फलक लावतात, कारण हेतू गाडी हळू करण्याचा आहे. पण कॅमेऱ्याने फरक पडतो की नाही हा प्रश्न मिटलेला आहे. संशोधनांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१० च्या आढाव्यात कॅमेऱ्यांच्या परिसरातले जीवघेणे आणि गंभीर अपघात ११ ते ४४ टक्क्यांनी घटल्याचं दिसलं.

डिटेक्टर, ॲप किंवा नंबरप्लेट झाकण्याचे उपाय चालतात का?

नंबरप्लेटवर फवारा, चिखल, वाकवलेली पट्टी हे सगळं स्वतंत्र गुन्हे आहेत. त्यातून हेतू सिद्ध होतो आणि साध्या दंडाचं प्रकरण फसवणुकीकडे झुकतं. रडार डिटेक्टरवर (रडारच्या लहरी ओळखून चालकाला सावध करणाऱ्या यंत्रावर) फ्रान्स, जर्मनी, व्हर्जिनिया अशा अनेक ठिकाणी बंदी आहे. लेझरचा झोत तर तुमच्याच गाडीवर पडतो, डिटेक्टर वाजतो तेव्हा मोजून झालेलं असतं.

परदेशात भाड्याच्या गाडीत पकडलो गेलो. घरी परतलो की संपलं?

नाही. गाडी भाड्याने देणारी कंपनी तुमचं नाव-पत्ता कळवते आणि त्या कामाचं वेगळं शुल्क तुमच्या कार्डातून कापते. ते शुल्क म्हणजे दंड नव्हे. दंड त्यानंतर वेगळा येतो, कधी काही महिन्यांनी. युरोपीय संघातले देश गाडीमालकांची माहिती एकमेकांना देतात.

विमा आणि नोकरीवर परिणाम होतो?

पॉइंट असले की विम्याचा हप्ता वाढण्याची शक्यता असते. ते लपवले तर आणखी वाईट, कारण अपघातानंतर कंपनी नोंद तपासते आणि दावा फेटाळू शकते. चालवण्यावरच पोट असणाऱ्यांसाठी लायसन्स निलंबित होणं म्हणजे पगार बंद होणं. मला त्यांची सगळ्यात जास्त काळजी वाटते, कारण अनेकदा घाई त्यांची नसतेच, वेळापत्रक बनवणाऱ्याची असते. भारताच्या मोटार वाहन कायद्यातलं कलम १८३ हे ओळखतं: नोकराला मर्यादेबाहेर गाडी चालवायला लावणाऱ्या मालकालाही त्यात दंड आहे. पोचण्याची अशक्य वेळ दिली जात असेल तर ते आदेश लेखी मागा आणि जपून ठेवा.

नोटीस बाजूला ठेवून दिली तर?

दंड वाढतो, लवकर भरल्यास मिळणारी सवलत जाते, मग समन्स येतं. समन्सलाही गेलात नाही तर तुमच्या गैरहजेरीत निकाल लागू शकतो. पत्ता बदलला असेल तर गाडीच्या नोंदणीत तो आजच बदला. जुन्या घरी पडलेली नोटीस हे कारण फारसं चालत नाही.

आणखी एक: दंड भरण्याची लिंक असलेला मेसेज आला तर त्यावरून पैसे भरू नका. अशा नावाने फसवणूक सर्रास चालते. अधिकृत संकेतस्थळ स्वतः टाइप करून उघडा आणि गाडीचा नंबर टाकून दंड खरंच आहे का ते पाहा.

हरकत घ्यावी की भरून टाकावं?

गाडी तुमची नाही, नंबर चुकीचा वाचलाय, फलक नव्हता, यंत्राचं प्रमाणपत्र संपलेलं होतं, नोटीस मुदतीनंतर आली: यांपैकी काही असेल तर जरूर लढा, फोटो आणि कागद जोडून लेखी लढा. लायसन्स जाण्याची वेळ असेल तर वकिलाचा सल्ला घ्या. मनात एवढंच असेल की ‘दंड जास्त वाटतोय’, तर भरून टाका. बऱ्याच ठिकाणी दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं, त्यामुळे आधी भरून मग हरकत घेता येत नाही. ठरवायचं ते पैसे भरण्याआधी.

पुन्हा असं होऊ नये म्हणून काय करू?

मी जे करतो ते सांगतो. महामार्गावरून वस्तीत शिरलो की काट्याकडे बघतो, अंदाजावर राहत नाही. तासभर १०० ने चालवल्यावर ६० हा वेग रांगल्यासारखा वाटतो आणि डोळे सरळ फसवतात. वेगमर्यादक असेल तर तो लावतो. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत मर्यादा ओळखून इशारा देणारी यंत्रणा सक्तीची आहे. तुमच्या गाडीत ती असेल तर तिचा टुणटुण आवाज त्रासदायक वाटतो म्हणून बंद करू नका. उतारावर गिअर खाली घेतो. निघण्याआधी दहा मिनिटं हातात ठेवतो. आणि शेजारी बसणाऱ्याला सांगून ठेवलंय की काटा वर गेला तर बोल. आमच्या घरी हे काम मुलीकडे आहे. ती मागच्या सीटवरून फक्त आकडा म्हणते, ‘बाबा, अठ्ठावन्न’, आणि मी पाय उचलतो.